‘भारतीय बचाव’ आणि देशी बुद्धिबळाचा आरंभ : १८५५ मधील एका डावाचा विचार

बुद्धिबळाच्या आधुनिक शास्त्रात डावाच्या आरंभाला स्वतंत्र नावे देण्याची पद्धत आहे. त्यांतील पुष्कळ नावे देशांवरून अथवा प्रांतांवरून पडलेली आहेत : स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच, सिसिलियन इत्यादी. या नाममालिकेत ‘भारतीय बचाव’ या नावाचे एक मोठे कूळ आहे. ‘राजाकडील भारतीय’, ‘वजिराकडील भारतीय’, ‘निम्झो-भारतीय’ अशा त्याच्या अनेक शाखा असून जगातील श्रेष्ठ खेळाडू त्या नित्य खेळतात. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला असे सामान्यतः मानले जाते त्या देशाचे नाव डावाच्या आरंभाला मिळावे, यात कोणास नवल वाटणार नाही. तथापि या नावात ‘भारतीय’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विचारला की उत्तर वाटते तितके सोपे राहत नाही.

या प्रश्नाचे रूढ उत्तर पुढीलप्रमाणे आहे. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर पुढे जाते. त्यामुळे भारतीय खेळाडूला सावकाश व्यूह रचण्याची सवय होती. युरोपीय नियमांनी खेळू लागल्यावरही ती सवय सुटली नाही, आणि तिच्यातूनच हे आरंभ जन्मास आले. या उत्तरात तथ्याचा अंश निश्चित आहे. परंतु ते पूर्ण सत्य आहे काय, हे ठरविण्यासाठी दोन प्रकारची साधने एकमेकांशेजारी ठेवून पाहावी लागतात. पहिली साधने म्हणजे देशी बुद्धिबळाविषयीचे ग्रंथ. त्यांतील काहींचा संबंध दक्षिणेशी, विशेषतः मराठवाड्याशी, निकटचा आहे. दुसरे साधन म्हणजे कलकत्ता येथे मे १८५५ मध्ये खेळला गेलेला आणि सुदैवाने चालीनिशी टिकून राहिलेला एक डाव. प्रस्तुत लेखात या दोहोंचा एकत्र विचार करावयाचा आहे.

१. ग्रंथांची परंपरा

दक्षिणेतील राजदरबारांत बुद्धिबळाला शास्त्रीय विनोदाचे स्थान होते, याचा महत्त्वाचा पुरावा म्हणजे कल्याणीच्या चालुक्यवंशातील तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ होय. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या या विश्वकोशात राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगाचेही वर्णन आले आहे. आज मराठवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाचा मोठा भाग त्या काळी चालुक्यांच्या सत्तेखाली होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

यानंतरचा महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे नीलकंठ भट्टाचा ‘नीतिमयूख’. नीलकंठाचे घराणे मूळचे पैठणचे. त्याचा पूर्वज रामेश्वर भट्ट पैठण सोडून काशीस गेला, आणि पुढे नारायण भट्ट, शंकर भट्ट व नीलकंठ अशा पिढ्यांनी त्या क्षेत्री धर्मशास्त्राची मोठी परंपरा निर्माण केली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नीलकंठाने ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यातील ‘व्यवहारमयूख’ वारसा व दायविभाग यांच्या संदर्भात ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनीही प्रमाण मानला. त्याच ग्रंथमालेतील ‘नीतिमयूखा’त राजनीतीच्या विवेचनात बुद्धिबळाच्या पटाचे, मोहऱ्यांचे व चालींचे वर्णन येते. एकोणिसाव्या शतकात आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने त्या भागाकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि पुढे हॅरल्ड मरे याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासात त्याचा उपयोग केला. व्यवहाराचे शास्त्र सांगणाऱ्या धर्मशास्त्रज्ञाने या खेळाचे नियमही सांगावेत, यावरून त्याची विद्वत्समाजातील प्रतिष्ठा कळून येते.

तिसरा ग्रंथ पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतील आहे. १८१४ मध्ये, म्हणजे पेशव्यांचे राज्य संपुष्टात येण्यापूर्वी चार वर्षे, मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत छापले गेले. मूळ संस्कृत रचनेचे ते भाषांतर होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच दोन गोष्टी सांगितल्या आहेत. हे निबंध युरोपीय खेळपद्धतीला अनुसरून मांडलेले आहेत, ही पहिली. आणि त्यांत मुख्यतः पटावरील अवघड स्थिती दिलेल्या आहेत, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

चौथा ग्रंथ खास या नगराचा आहे. निजामाच्या राज्यातील तत्कालीन औरंगाबादचे ज्योतिषी हरिकृष्ण वेंकटराम यांनी ‘बृहज्ज्योतिषार्णव’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. १८७१ च्या सुमाराच्या या रचनेत ‘क्रीडाकौशल्य’ नावाचा एक भाग असून त्यात बुद्धिबळासह अनेक पटावरील खेळांची वर्णने आहेत. ज्योतिषाच्या ग्रंथात खेळांचा समावेश व्हावा हे आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. परंतु गणना, पट, घरे आणि त्यांत फिरणारी चिन्हे यांच्याशी ज्याचा रोजचा परिचय, त्याला या दोन विषयांत फारसे अंतर वाटले नसावे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, कलकत्त्यात १८५५ चा डाव खेळला गेल्यानंतर सोळा वर्षांनीही देशी खेळांची ही विद्या येथील एका पंडिताला संस्कृतात नोंदवून ठेवण्याजोगी वाटत होती. ती त्या वेळी मृत विद्या नव्हती.

२. देशी नियम आणि आरंभाचे स्वरूप

देशी बुद्धिबळाचे नियम प्रांतोप्रांती थोडेफार भिन्न असत. परंतु काही लक्षणे सर्वसाधारण होती. प्यादे पहिल्या चालीस एकच घर पुढे जाई. काही ठिकाणी विशिष्ट प्याद्यांना तेवढी दोन घरांची सवलत असे. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला शह मिळण्यापूर्वी एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरे उडी मारण्याची मुभा असे. पुष्कळ ठिकाणी एका बाजूचा राजा समोरच्या राजापुढे न मांडता वजिरापुढे मांडीत. पटाच्या अखेरच्या ओळीत पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात जाई त्याच मोहऱ्याचे रूप त्यास मिळे. हवा तो मोहरा मागता येत नसे. एखाद्याचा राजा एकटा उरला, तर डाव ‘बुर्ज’ मानला जाई आणि जिंकणाऱ्याला पूर्ण विजयाचा मान मिळत नसे. मात कोणत्या मोहऱ्याने केली यालाही मोल असे. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही सर्वांत मानाची समजली जाई.

या नियमांचा डावाच्या आरंभावर काय परिणाम होईल, याचा थोडा विचार केला पाहिजे. पटावर आठ ओळी असतात. प्यादी दुसऱ्या व सातव्या ओळीत उभी असतात, आणि त्यांच्यामध्ये चार ओळी मोकळ्या असतात. युरोपीय नियमांनी पहिल्याच चालीस दोन्ही राजांपुढील प्यादी दोन दोन घरे सरकली तर ती समोरासमोर येऊन थांबतात. एका चालीत संघर्षाची सीमा आखली जाते. देशी नियमांत तीच स्थिती येण्यास प्रत्येक बाजूला दोन चाली लागतात. दोन बाजूंची, तीन चार प्याद्यांची बेरीज केली तर हा विलंब फार मोठा होतो. या अवधीत शत्रू काही करू शकत नाही. म्हणून प्रत्येक खेळाडूने आपल्या मनासारखा व्यूह आधी उभा करावयाचा आणि नंतर युद्धास भिडावयाचे, असे डावाचे रूप आपोआप ठरते. नवव्या व दहाव्या शतकांतील अल्-अदली व अस्-सूली या अरबी ग्रंथकारांनी आरंभाला ‘ताबिया’ म्हणजे सैन्याची मांडणी असे नाव दिले, त्याचेही कारण हेच आहे. त्यांच्या खेळातही प्यादे एकच घर चालत असे. भारतातील काही पद्धतींत तर आरंभीच्या अनेक चाली प्रत्येक खेळाडूने सलग करून घ्याव्यात, अशी रीत होती. कारण त्या चालींना समोरून उत्तर देण्याची आवश्यकताच नसे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. जेथे शत्रूच्या प्रत्येक चालीस नेमके उत्तर द्यावे लागत नाही, तेथे चालींचा क्रम पाठ करून ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर व उंट यांना लांब पल्ल्याच्या चाली मिळाल्या. प्याद्याच्या दुहेरी चालीची जोड त्यांना मिळाल्यावर पहिल्या पाच-सात चालींतच मात होण्याची भीती निर्माण झाली. लुसेना याचे १४९७ मधील पुस्तक, रुई लोपेझ याचे १५६१ मधील पुस्तक व फिलिदोर याचा १७४९ मधील ग्रंथ यांत आरंभांच्या चर्चेला जे स्थान मिळाले, त्याच्या मुळाशी ही भीती आहे. देशी खेळातही एकोणिसाव्या शतकापर्यंत वजीर व उंट यांना युरोपाप्रमाणेच लांबच्या चाली मिळालेल्या होत्या. मात्र प्यादे सावकाश राहिल्याने आरंभाचे स्वरूप व्यूहरचनेचेच राहिले. खेळाडूच्या बुद्धीची कसोटी मधल्या व अखेरच्या भागात लागे. बुर्ज टाळावयाचा, शक्य तर प्यादेमात करावयाची, आणि नेमके हव्या त्या घरात प्यादे पोहोचवावयाचे, या गोष्टी शेवटास फार सूक्ष्म हिशेब मागतात. त्रिवेंगडाचार्यांच्या पुस्तकात मुख्यतः पटावरील स्थिती का आहेत, याचे उत्तर येथे मिळते. युरोपीय पद्धतीला अनुसरून लिहितानाही ग्रंथकाराची दृष्टी देशीच राहिली. आरंभाचे कोश रचण्याची गरज ज्या परंपरेला कधी भासलीच नाही, त्या परंपरेचा तो पंडित होता.

३. कलकत्त्याचा डाव

आता १८५५ च्या डावाकडे वळू. या डावातील दोन खेळाडू दोन परंपरांचे जणू प्रतिनिधी होते. पांढरी मोहरी घेऊन खेळणारा जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश घराण्यातील बॅरिस्टर होता. १८२१ मध्ये पॅरिस येथे त्याने देशापेल व लाबूर्दोने या त्या काळच्या अग्रगण्य खेळाडूंशी सामना केला होता. १८२२ मध्ये त्याचा बुद्धिबळावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे वकिलीच्या निमित्ताने त्याचे दीर्घकाळ वास्तव्य कलकत्त्यास झाले. काळी मोहरी घेऊन खेळणारे महेशचंद्र बंदोपाध्याय हे बंगालच्या ग्रामीण भागातील ब्राह्मण होते. इंग्रजी साधनांत त्यांचे नाव मोहेशचंदर बॅनर्जी असे येते. त्यांचे शिक्षण देशी नियमांवर झालेले होते. १८४८ च्या सुमारास कलकत्ता क्लबच्या एका सभासदाला या अपराजित खेळाडूची वार्ता लागली, आणि तेव्हापासून कॉक्रेन व महेशचंद्र यांच्यात शेकडो डाव झाले. त्यांतील पुष्कळसे कॉक्रेनने नोंदवून लंडनच्या नियतकालिकांकडे पाठविल्यामुळे ते आज उपलब्ध आहेत. राजाकडील उंटापुढच्या प्याद्यावर घोड्याचा बळी देणारी जी चाल आज कॉक्रेनच्या नावाने प्रसिद्ध आहे, ती त्याने १८४८ मध्ये महेशचंद्रांविरुद्धच खेळलेली होती.

मे १८५५ मधील डावाचा आरंभ असा झाला. कॉक्रेनने वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकले. महेशचंद्रांनी प्यादे न हलविता राजाकडील घोडा बाहेर काढला. कॉक्रेनने वजिराकडील उंटापुढचे प्यादेही दोन घरे नेले. महेशचंद्रांनी राजाकडील घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून उंटाला बाजूची वाट मोकळी केली. कॉक्रेनचा वजिराकडील घोडा बाहेर येताच महेशचंद्रांनी वजिरापुढील प्यादे दोन घरे नेऊन मध्यभागीच आव्हान दिले. नंतर उंट त्या मोकळ्या झालेल्या घरात बसवून त्यांनी किल्लेकोट केला. सहाव्या चालीस मध्यभागातील प्याद्यांची अदलाबदल झाली, सातव्या चालीस घोड्यांची झाली, आणि आठव्या चालीस महेशचंद्रांनी वजिराकडील उंटापुढचे प्यादे दोन घरे ढकलून पांढऱ्याच्या मध्यावर दुसरा प्रहार केला.

बुद्धिबळाच्या शास्त्राशी परिचित असलेल्या वाचकाच्या ध्यानात आलेच असेल की, हा आरंभ आज ‘ग्रुनफेल्ड बचाव’ या नावाने ओळखला जातो. एर्न्स्ट ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूने तो १९२२ मध्ये खेळण्यास प्रारंभ केला आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथे अलेखिनसारख्या प्रतिस्पर्ध्याला त्याने हरविले. शत्रूला मध्यभाग व्यापू द्यावा आणि दूरवरच्या उंटाने व बाजूच्या प्याद्याने तो मध्यभाग पोखरावा, हा या आरंभाचा आशय होय. निम्झोविच, रेटी इत्यादींनी त्या दशकात पुरस्कारिलेल्या नव्या मतांशी तो इतका जुळणारा होता की, तो त्या मतांचेच अपत्य वाटावा. त्याचा ज्ञात असलेला पहिला डाव मात्र ६७ वर्षे आधीचा, कलकत्त्याचा आहे.

त्या डावाची पुढील हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. दहाव्या चालीपर्यंत काळ्याची स्थिती निकोप होती. पुढे महेशचंद्रांचा वजीर पटाच्या डाव्या बाजूला गेला; कॉक्रेनने आपला हत्ती उभ्या पट्टीवरून पुढे आणून त्याला दोनदा हुसकावले, आणि सोळाव्या चालीस वजीर आपल्या मूळ घरी परतला. सतराव्या चालीस कॉक्रेनने घोडा काळ्या राजाच्या दिशेने पुढे टाकला. महेशचंद्रांनी उंटाने उंट मारला. अठराव्या चालीस पांढऱ्या घोड्याने राजाच्या बाजूचे प्यादे मारले. त्यावर महेशचंद्रांनी आपला घोडा पुढे टाकून पांढऱ्या वजिरावर हल्ला केला. परंतु याच क्षणी पांढऱ्याला तीन चालींत मात साधता येत होती. घोडा हलताच घोडा व वजीर दोघांचा एकदम शह बसतो. राजा कोपऱ्यात गेला की वजीर राजाशेजारी जाऊन आपला बळी देतो. काळ्याच्या हत्तीला तो मारावाच लागतो. आणि मग आपल्याच मोहऱ्यांनी चहूकडून कोंडलेल्या राजाला घोडा मात करतो. ज्या घरात उंट बसवून महेशचंद्रांनी हा नवा आरंभ रचला होता, तेच घर शेवटी राजाला बंद झालेले होते.

४. रूढ उत्तराची परीक्षा

या डावाच्या आधाराने आता मूळ प्रश्नाचा निर्णय करता येईल. आरंभीच्या आठ चालींत महेशचंद्रांनी प्यादी तीन वेळा पुढे सरकवली. त्यांपैकी घोड्यापुढील प्यादे एक घर गेले. पण वजिरापुढील व उंटापुढील ही दोन्ही प्यादी दोन दोन घरे गेली. म्हणजे या आरंभाचा जो खरा प्राण, मध्यभागावर दोनदा केलेला आघात, तो नेमका देशी खेळात नसलेल्या चालीने साधलेला आहे. किल्लेकोटही देशी नव्हे. यास्तव, देशी नियमांची सुटू न शकलेली सवय म्हणजे भारतीय बचाव, हे रूढ उत्तर या डावापुरते तरी टिकत नाही.

मग त्यात भारतीय काहीच नाही काय? असे म्हणणेही सयुक्तिक होणार नाही. त्या काळच्या युरोपीय ग्रंथपरंपरेत वाढलेला खेळाडू मध्यभागी दोन घरे पुढे आलेल्या प्याद्याला सामान्यतः तशाच प्याद्याने उत्तर देई. पहिल्या चालीस प्यादे न हलविता घोडा काढणे, मग एका घराच्या संथ चालीने उंटासाठी बाजूचे घर सिद्ध करणे, शत्रूच्या विस्ताराने न डगमगणे, ही मनोवृत्ती ज्याने व्यूह उभारण्याच्या खेळात आयुष्य काढले त्याची आहे. कॉक्रेनने राजापुढील प्यादे दोन घरे टाकले असता महेशचंद्र कित्येक डावांत वजिरापुढील प्यादे एकच घर नेत आणि याच पद्धतीने उंट बाजूस बसवीत; त्या डावांत देशी वळण अधिक स्पष्ट दिसते. १८५५ च्या डावात ते वळण आणि नव्या नियमांनी दिलेली दुहेरी चाल यांचा संगम झाला. जुन्या व्यूहात बसून नव्या शस्त्राने केलेला तो आघात होता. जे एका परंपरेत कोणी केले नसते आणि दुसरीत करता आले नसते, ते दोन्ही जाणणाऱ्या माणसाला सुचले. ‘भारतीय’ या विशेषणाचा इतिहासदृष्ट्या समर्थनीय अर्थ एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

या निष्कर्षास एका पुढील उदाहरणाने पुष्टी मिळते. पंजाबातील मीर सुलतान खान देशी पद्धतीत तयार झालेले खेळाडू होते. युरोपीय नियम त्यांनी १९२६ च्या सुमारास आत्मसात केले, १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ते ब्रिटनचे विजेते झाले. आरंभात ते दुर्बल, पण मध्य व अंत्य खेळात अत्यंत प्रबळ, असा त्यांच्याविषयी समकालीनांचा अभिप्राय होता. त्रिवेंगडाचार्यांच्या पुस्तकाची घडण ज्याने पाहिली त्याला या अभिप्रायाचे आश्चर्य वाटू नये. १९३०–३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेता कॅपाब्लांका याला ६५ चालींत हरविले. त्या डावात वजिराकडील भारतीय बचाव खेळला तो क्यूबाच्या कॅपाब्लांकाने. भारतीय खेळाडूने त्याविरुद्ध पाचव्या चालीस हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकवून शांत उत्तर दिले. नाव एकीकडे आणि वृत्ती दुसरीकडे, असा तो प्रसंग होता. या थोर खेळाडूला जागतिक महासंघाने ग्रँडमास्टर ही मानाची पदवी २०२४ मध्ये, मरणोत्तर, दिली.

महेशचंद्रांच्या आरंभाचे श्रेय मात्र दुसऱ्याच्या नावावर जमा झाले. ‘भारतीय बचाव’ हे सामान्य नाव १८८४ मध्ये वापरलेले आढळते व त्याचा संबंध महेशचंद्रांच्या खेळाशी जोडला जातो. परंतु १८५५ मधील विशिष्ट मांडणी ग्रुनफेल्डच्या नावाने रूढ झाली. यात ग्रुनफेल्डचा दोष नाही. त्याने ती स्वतंत्रपणे शोधून तिचे शास्त्र बनविले. एक कारण असे दिसते की, महेशचंद्र तो डाव हरले. हरलेल्या डावाचा आरंभ कोणी अभ्यासत नाही, मग पराजयाचे कारण आरंभात असो वा नसो. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्याकडे शेवटाचे ग्रंथ झाले, आरंभाचा ग्रंथ झाला नाही. महेशचंद्रांच्या चाली आज आपल्याला ठाऊक आहेत त्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने त्या लिहून ठेवल्या म्हणून. त्यांनी स्वतः त्या का खेळल्या, हे सांगणारे एक वाक्यही मागे उरले नाही.

५. महाराष्ट्रातील स्थित्यंतर

महाराष्ट्रात देशी पद्धतीकडून युरोपीय पद्धतीकडे झालेले स्थित्यंतर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. या काळातील मराठी खेळाडूंपैकी व्ही. के. खाडिलकर यांनी १९३५ मध्ये सुलतान खान यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला. त्यात खाडिलकरांना एकच डाव बरोबरीत सोडविता आला. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरू येथे भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. कलकत्त्याच्या डावानंतर बरोबर शंभर वर्षांनी राष्ट्रीय स्तरावर सर्वांसाठी एकच नियम प्रस्थापित झाला. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली, आणि त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी यांनी ती परंपरा पुढे चालविली. २०२५ मध्ये बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिलांचा विश्वचषक जिंकला. हा उत्कर्ष एकरूप नियमांवाचून संभवला नसता, हे उघड आहे.

परंतु त्या उत्कर्षाच्या मागे एक लोपही आहे. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातील पुंडलिकनगरसारख्या वसाहतीत आज पटासमोर बसणारे मूल पहिल्याच चालीस प्यादे दोन घरे टाकते आणि किल्लेकोट करते. त्याच्या शिक्षणात देशी नियमांना स्थान नाही, आणि असावे असा आग्रहही धरता येणार नाही. अशा वसाहतींतून मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली वयोवृद्ध माणसे आज राहतात. राजाची अडीच घरांची उडी, बुर्ज, प्यादेमात, राजासमोर वजीर मांडण्याची रीत, यांपैकी काय त्यांनी वडीलधाऱ्यांकडून पाहिले वा ऐकले, कोणत्या तालुक्यात कोणता नियम होता, आरंभीच्या चाली सलग करीत की आळीपाळीने, हे त्यांना विचारून नोंदविण्याचे काम विभागातील विद्यार्थ्यांना हाती घेण्यासारखे आहे. या नोंदींची ‘क्रीडाकौशल्या’तील वर्णनाशी तुलना केली, तर एकोणिसाव्या शतकातील या नगरीचा खेळ बऱ्याच अंशी पुन्हा उभा करता येईल. पैठणहून काशीस गेलेल्या घराण्यातील पंडिताने आणि याच नगरातील ज्योतिष्याने आपापल्या काळी जे टिपून ठेवले, त्याच मालिकेतील हे काम आहे. महेशचंद्रांच्या बाबतीत ते त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला करावे लागले.